शिशाच्या अणूची खातेनिहाय चौकशी

संस्थेची शिस्त तिच्यातल्या सर्वांत लहान घटकावरून कळते, आणि गंगापूर रोडवरच्या आमच्या महाविद्यालयात अणूहून लहान घटक नाही (तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक धरूनही).

सन १९९९. स्फटिकातले अणू कसे थरथरतात हे पल्लवी नावाची संशोधक विद्यार्थिनी संगणकावर काढत होती. अकरा दिवस (भारनियमन वगळून) आकडेमोड चालली आणि चित्र छापून आले. पाच अणू, प्रत्येकाला एक बाण. बाण जिकडे, अणू तिकडे हलणार. चार बाण डावीकडे. शिशाचा एकटा उजवीकडे.

प्रबंध एकतीस मार्चपर्यंत गेला नाही तर पल्लवीची पाच वर्षे पाण्यात जाणार होती, आणि त्यावर सही लागे विभागप्रमुख रंगनाथ सरांची. सरांनी चित्र पाहून सही थांबवली. ऐंशी टक्के अणू एकमताने चालले असताना सर्वांत वजनदार अणूनेच फुटून निघावे, हे त्यांना पटेना. पल्लवीने पाचही बाण उलटे करून दाखवले. कंपन तेच राहते म्हणाली. तरी शिसे एकटेच पडले.

"सर, ते उलट जातं म्हणून स्फटिक जागेवर राहतो. तेही डावीकडे गेलं तर सगळा स्फटिक नुसता सरकेल. थरथरणार काहीच नाही."

"मग बरंच आहे की," सर म्हणाले.

समिती नेमली : सर, वसतिगृहाचे रेक्टर आणि क्रीडाशिक्षक (द्राक्षांवर फवारणी असल्याने दिंडोरीहून उशिरा आले). सचिव मी. अणूस कारणे दाखवा नोटीस निघाली. ती बजावायला शिपाई कुसाबाई गेल्या आणि संगणकासमोर दहा मिनिटे उभ्या राहून परतल्या.

"लय हाका मारल्या, साहेब. आतून कोणी ओ देत नाय."

तेव्हा नोटीस नियमाप्रमाणे दर्शनी भागावर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर, डकवली. पंधरा दिवस पल्लवीला पडदा दिसला नाही, पण तोवर निकालही ठरलाच होता.

खुलासा न आल्याने अणूस दोषी धरले. बाण पल्लवीनेच खोडला आणि पट्टी धरून डावीकडे काढला. तिचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटले (इतिवृत्तात तशी तरतूद नाही). तीस मार्चला सही झाली, पुढे पदवीही मिळाली. कंपनांवरच्या त्या प्रबंधात आजतागायत काहीही थरथरलेले नाही.

ठराव अद्याप हरकतींसाठी खुला आहे. जो बोलत नाही तो सहमत, असा नियम आहे. आपण इथवर एक अक्षर न काढता वाचत आलात, त्याबद्दल समिती आभारी आहे. आपले नाव यादीत घेतले आहे.