मधल्या सोळा पानांचा प्रश्न

मुलांनी वाचले पाहिजे, याबद्दल आपल्या समाजात पूर्ण एकमत आहे. कोणाच्या मुलांनी, एवढाच तपशील शिल्लक आहे.

बेळगाव आणि कंग्राळीच्या मधल्या एका हायस्कुलाने (नाव देण्याचे कारण नाही, तिथल्या पालकांना निवेदने देण्याची सवय आहे) हा तपशील यंदा निकालात काढायचे ठरवले. नववीला मराठी शिकवणाऱ्या सुविधा मॅडम मूळच्या निपाणीच्या. वर्गातल्या छत्तीस मुलांनी दरमहा एक पुस्तक वाचावे, त्यावर दोन पाने लिहावीत आणि वर्षाअखेर वीस गुणांची तोंडी परीक्षा द्यावी, अशी योजना त्यांनी आखली. परिपत्रकाची शेवटची ओळ होती, 'पालकांनी आवश्यक तेवढी मदत करावी.' मॅडम तरुण आहेत.

पहिल्या महिन्यात छत्तीस वह्या आल्या. तेहतीस वह्यांतले अक्षर प्रौढ आणि ठाम होते. एका वहीतला सारांश 'उपरोक्त विषयास अनुसरून' असा सुरू होऊन 'कळावे, आपला विश्वासू' असा संपत होता. एका मुलाने (वय चौदा) निवृत्तीनंतरच्या एकटेपणाकडे पाहण्याची नवी दृष्टी मिळाल्याचे कळवले होते. उरलेल्या तीन वह्या मुलांनी स्वतः लिहिल्या होत्या. त्यांच्या पालकांना इतर पालकांनी घरी जाऊन समज दिली.

मॅडमनी मदतीला पंचवीस टक्क्यांची मर्यादा घातली आणि 'नमुना ब' छापून घेतला. त्यात दोन रकाने होते : पाल्याने स्वतः केलेले काम, आणि पालकांची मदत. पुढच्या महिन्यात पालकांच्या मदतीची सरासरी २४.६ टक्के भरली. अक्षर तेच होते.

तिसऱ्या महिन्यात पुस्तक आले ते एका हरवलेल्या शिंगराच्या गोष्टीचे. पाने एकशे चव्वेचाळीस, शाळेत प्रत एक. एका प्रतीवर छत्तीस घरांनी एका महिन्यात मदत कशी करावी, हा गंभीर प्रश्न होता. दुसऱ्या ठिकाणी लोकांनी चार प्रती मागवल्या असत्या. आमच्याकडे समिती स्थापन झाली.

'पालक वाचन-साहाय्य कृती समिती'च्या अध्यक्षपदी मारुतीराव यांची निवड झाली. (ते पूर्वीच्या सहा समित्यांचे अध्यक्ष आहेत. त्यांपैकी एकीचा उद्देश आता कोणाला आठवत नाही, पण बैठका वेळेवर होतात.) पहिल्याच बैठकीत पुस्तकाची विभागणी करण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. बाइंडिंग करणाऱ्या मष्णूने शिवण उसवून पुस्तकाचे सोळा-सोळा पानांचे नऊ भाग वेगळे केले. कोणावर अन्याय नको म्हणून वाटप दोन्ही टोकांकडून एकदमच सुरू झाले. वरच्या चार गल्ल्यांनी सुरुवातीपासून चार भाग घेतले, खालच्या चार गल्ल्यांनी शेवटाकडून चार. गल्ल्या आठ आणि भाग नऊ आहेत, हे वाटप संपल्यावर लक्षात आले. (समितीत गणिताचे तीन शिक्षक होते.)

मध्ये उरली पासष्ट ते ऐंशी ही सोळा पाने.

चौसष्टावे पान असे संपत होते : 'शिंगराने पुराच्या पाण्यात पाऊल टाकले आणि'. एक्क्याऐंशीवे असे सुरू होत होते : 'म्हणून त्या दिवसापासून आजोबा नदीकडे पाठ करूनच बसत.'

वरच्या गल्ल्यांतर्फे भावकू यांनी दावा मांडला. ते उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर काम करतात आणि तिथल्याच अचूकतेने बोलतात. हे प्रकरण बासष्टाव्या पानावर, म्हणजे आमच्या हद्दीत सुरू होते. सबब पुढची पाने आमची. खालच्या गल्ल्यांतर्फे आण्णाप्पांनी उत्तर दिले, की प्रकरण त्र्याऐंशीव्या पानावर आमच्या हद्दीत संपते, आणि शिंगरू ज्या दिशेने पोहत आहे ती दिशा पाहता त्याचा कल स्पष्ट आहे. दोन्ही बाजू इतक्या तयारीच्या होत्या, की अध्यक्षांना गहिवरून आले. त्यांनी 'जैसे थे'चा आदेश दिला. पाने लिफाफ्यात घालून, लाख लावून, मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवण्यात आली. निकाल लागेपर्यंत ती कोणीही वाचायची नाहीत.

इथे एक अडचण नोंदवणे भाग आहे. भावकूंच्या मुलीला, तेजस्वीला, पुस्तक आवडले होते.

ती त्या तीन वह्यांपैकी एकीची मालकीण. वरच्या गल्ल्यांची चौसष्ट पाने घरोघर फिरत होती, तेव्हा तिने ती त्या-त्या घरी जाऊन वाचली होती. शिंगराला पाण्यात सोडून ती आठ दिवस जेवायला बसत होती.

"आप्पा, शिंगरू बुडालं का न्हाय, एवढंच सांगा की."

"ते प्रकरण चालू हाय. त्यावर बोलता येत न्हाय."

"तुमी वाचलासा का?"

"वाचायचा प्रश्नच न्हाय गं. हक्काचा प्रश्न हाय."

तिची आई, पूर्णिमा, भाकरी थापत होती. ती म्हणाली, "पोरगी वाचंना म्हणून वर्षभर बोंबललासा. आता वाचाय लागली तर हातातली पानं काढून कुलपात ठेवलासा. धन्य हाय."

भावकूंनी ही प्रतिक्रिया बैठकीच्या इतिवृत्तात 'महिलांचा पाठिंबा' या सदरात नोंदवली.

पुढचे दोन महिने वाचन-संस्कृतीचा सुवर्णकाळ म्हणावे लागतील. पुस्तकाबद्दल इतकी चर्चा गावात कधीच झाली नव्हती. एकूण सतरा निवेदने, चार शिष्टमंडळे आणि एक लाक्षणिक उपोषण (दुपारी बारा ते साडेबारा) झाले. आण्णाप्पांनी घोड्यांच्या पोहण्यावर पशुवैद्याचा दाखला आणला. वरच्या गल्ल्यांनी काळ्या फिती लावून शाळेच्या स्नेहसंमेलनात जेवण केले. मुले या काळात मैदानावर होती. शाळेचा कबड्डीचा संघ प्रथमच तालुक्यात दुसरा आला.

सुविधा मॅडम मात्र अस्वस्थ झाल्या. सुट्टीत त्या कोल्हापूरला गेल्या, त्याच पुस्तकाची अखंड प्रत विकत घेतली आणि राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरून घेऊन आल्या. (नाक्यावर पिशवी कोणी तपासली नाही, याची समितीने खेदाने नोंद घेतली.) समितीच्या बैठकीत त्यांनी प्रत टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "यात मधली सोळाही आहेत. घ्या, वाचा."

 मग समितीच्या इतिहासात प्रथमच भावकू आणि आण्णाप्पा एका बाजूने उभे राहिले.

"मॅडम, ही प्रत घेतली तर मूळ पानांवरचा हक्क सोडल्यासारखं व्हईल," भावकू म्हणाले.

"व्हय तर," आण्णाप्पा म्हणाले. "उद्या कोण बी नवीन पुस्तक आणंल. मग आमी एवढं भांडलो कशासाठी?"

प्रत एकमताने नाकारण्यात आली आणि मोठ्या माणसांच्या हाती पडू नये म्हणून सर्वांत सुरक्षित जागी, म्हणजे शाळेच्या ग्रंथालयात, ठेवण्यात आली.

तोंडी परीक्षा मार्चमध्ये झाली. पंचवीस टक्के मदतीच्या हिशेबाने वीसपैकी पाच गुणांची उत्तरे पालक देतील, ही मागणी शाळेला मान्य करावी लागली. प्रत्येक मुलाच्या शेजारी एक खुर्ची ठेवली गेली. प्रश्न सगळ्यांना एकच होता : शिंगराचे पुढे काय झाले? वरच्या गल्ल्यांच्या मुलांनी सांगितले, 'ते आमच्या बाजूला आले.' खालच्यांनी सांगितले, 'ते आमच्या बाजूला गेले.' पालकांनी 'सबब' आणि 'तथापि' जोडून उत्तरे पूर्ण केली. पस्तीस मुलांना वीसपैकी पाच गुण मिळाले. ते पालकांचे होते.

तेजस्वीचा नंबर शेवटचा. भावकू इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी बसले.

"बोल, शिंगराचं काय झालं?" मॅडमनी विचारले.

"सांगते. पर आप्पांना भाईर पाठवा."

"का गं?"

"त्यांचं प्रकरण चालू हाय. ऐकलं तर त्यांच्या हक्काला बाधा येईल."

भावकूंनी क्षणभर विचार केला. मुद्दा बिनतोड होता, आणि घरातूनच आलेला होता. ते बाहेर गेले. दार लागले. आतून मुलीचा आवाज बारा मिनिटे येत होता. एकदा मॅडम हसल्या, एकदा बराच वेळ दोघीही गप्प होत्या. भावकूंनी दाराला कान लावला, पण लेथवर बावीस वर्षे गेल्याने त्या कानाला आता फारसे ऐकू येत नाही. तेजस्वीला वीसपैकी वीस मिळाले.

वाटेत भावकूंनी गाडी बाजूला घेतली. वरच्या गल्ल्यांच्या प्रतिनिधीला शोभेल असा त्यांचा चेहरा त्या वेळी नव्हता.

"तेजू, कुणाला सांगत न्हाय. वाचलं का गं ते?"

"लई छान हाय आप्पा. ग्रंथालयातनं आणून देऊ?"

"मला कुठं येळ हाय. तू सांग की."

"पंचवीस टक्क्यांपर्यंत सांगते. शिंगरू तपकिरी हुतं."

भावकू अजून तेवढ्यावरच आहेत. ग्रंथालयाच्या नोंदवहीत त्या पुस्तकापुढे आजतागायत एकच नाव आहे. प्रकरणाची पुढची तारीख पडलेली आहे.

आपल्यालाही शिंगराचे काय झाले हे विचारायचे असेल, आणि कोणीतरी ते थोडक्यात सांगावे असेही वाटत असेल. यात गैर काही नाही. सगळ्या पालकांचे तेच म्हणणे आहे. मात्र नववीच्या मुलांनी याबाबत शाळेकडे एक अर्ज केला आहे. 'नमुना ब'मध्ये तिसरा रकाना घालावा, अशी त्यांची मागणी आहे : पालकांनी स्वतः शेवटचे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कधी वाचले, त्याची तारीख. समितीने हा अर्ज तातडीची बैठक घेऊन फेटाळला. जे पालक बैठकीला येऊ शकले नाहीत, त्यांचे मत समितीच्या बाजूने धरण्यात आले आहे. आपलेही.