बिनफोडणीची भाजी

धनूचं वजन याही महिन्यात वाढलं नव्हतं. "पोटात भाज्या जायला हव्यात," एवढंच डॉक्टर म्हणाल्या, पण तेव्हापासून सुकन्याला स्वतःलाच घास गोड लागेना. लेक झोपली की ती तिच्या बरगड्या चाचपून बघायची. आणि धनू? भाजी दिसली की दुकानाचं शटर ओढावं तसे ओठ मिटून घ्यायची.

परवा मात्र केडगावच्या चौकात चायनीजच्या गाडीपुढे ती थबकली. बोट दाखवून म्हणाली, "मी ते खाणार."

गाडीवरचं काळं तेल बघून सुकन्याने तिला ओढतच घरी आणलं. पण लेकीने तोंडाने मागितलं होतं! दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घरीच कोबी, गाजर, फरसबी लांब चिरली, मोठ्या आचेवर भराभर परतली. आलं, मीठ, चिमूटभर साखर, शेवटी कॉर्नफ्लोअरचं पाणी. हळद, मोहरी, तिखट काहीच नाही. भाजी कशी चकचकीत, करकरीत झाली. कढई झाकून ती धनूला आंघोळीला घेऊन गेली.

मागच्या घरातले कोंडीराम आदल्या रात्री वारले होते. तिथे चूल पेटणार नव्हती. सासूबाई, लंकाबाई, सकाळीच तिकडे जाताना सांगून गेल्या होत्या, "भाकरी अन् कायतरी बिनफोडणीचं करून ठीव. मी येऊन नेते." भाकऱ्या झाल्या होत्या. बेसन धनूचं जेवण उरकल्यावर हाटू, असं सुकन्याने ठरवलं होतं.

ती मोरीतून बाहेर आली तर ओट्यावर ना कढई, ना भाकऱ्या.

"माझं चायनीज!" धनूने घर डोक्यावर घेतलं.

सुकन्या लेकीला काखोटीला मारून धावली. मयताच्या घरी चायनीज! गल्लीत तोंड कुठे लपवायचं?

तिकडे बायका गोल बसल्या होत्या. कोंडीरामांची बायको बायडाबाई भिंतीला टेकलेली. कालपासून पाण्याचा घोट नाही. लंकाबाई तिच्यापुढे ताट सरकवत होत्या.

"लंके, भाजी कच्ची हाय का गं?" एकीने विचारलं.

"कालेजात शिकलेली सून हाय," लंकाबाई हळूच म्हणाल्या. "घाईत जेवढी शिजली तेवढी शिजली. बायडे, गोड मानून घे."

बायडाबाईने घास घेतला. कचकन आवाज झाला. सुकन्याने डोळे मिटले.

"ह्यांच्या तोंडात दात न्हवते," बायडाबाई म्हणाली. "सगळं गाळ व्हस्तोवर शिजवायचं, मग आमी बी तेच खायाचं. लई वर्सांनी दाताखाली कायतरी वाजलं गं, लंके." आणि तिने हंबरडा फोडला. रडत होती, चावत होती. बायकाही रडायला लागल्या.

धनू डोळे विस्फारून बघत राहिली. मग सुकन्याच्या हातातून निसटून ती थेट बायडाबाईच्या मांडीवर जाऊन बसली. बायडाबाईने रडता रडता सवयीने एक घास तिच्यापुढे धरला. शटर उघडलं. गाजर गेलं, फरसबी गेली, कोबीही गेला. सुकन्याच्या डोळ्यांना धार लागली. बायकांना वाटलं, सून मोठी मायेची आहे.

दुसऱ्या दिवशी सुकन्याने तीच भाजी, तशीच केली. धनूने ताटाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि ओठ मिटले.

"काय झालं सोन्या? कालच्यासारखीच आहे."

"आज्जी रडत नाहीये."

सुकन्याने सासूकडे बघितलं. "आत्या..."

"अगं येडी का खुळी! बिनकारनाचं कसं रडू?"

"एकच घास, आत्या."

लंकाबाईंनी उसासा टाकला, पदर डोळ्याला लावला आणि बारीक सूर धरला. धनूचे ओठ किंचित उघडले. आजीने सूर चढवला, तसा पहिला घास गेला. मग लंकाबाईंना त्यांची गेलेली आई आठवली, बहीण आठवली, विकलेली गायही आठवली, आणि त्यांचा सूर भिंत ओलांडून गेला.

थोड्याच वेळात फाटक वाजलं. शेजारच्या बनुबाई आणि चांगुणा उंबऱ्याबाहेर चपला काढून, कोण गेलं ते न विचारताच, रडत आत आल्या आणि लंकाबाईंच्या गळ्यात पडल्या. धनूने आ वासला.

ताट रिकामं होईपर्यंत सुकन्याने कोणालाच काही सांगितलं नाही.