पुंडलिक वकिलांचं टेबल

"वाक जरा."

ओळख असो नसो, पुंडलिक वकील माणसाला आधी एवढंच म्हणतात. माणूस वाकला की त्याच्या पाठीवर कागद ठेवतात आणि अर्ज लिहायला लागतात. घरात चांगलं सागवानी टेबल आहे, त्यावर केळी ठेवलेली असतात. टेबलावर म्हणे त्यांचं डोकंच चालत नाही.

कर्नाटकात, जोयडा तालुक्यातल्या रामनगरात त्यांच्या घराला लागून माझं झेरॉक्सचं दुकान. त्यामुळं सगळ्यांत जास्त वाकलेला मी. अर्ज कुणाला चाललाय ते मला न वाचता कळतं. कानडी अक्षर गोल, गुदगुल्या झाल्या की समजायचं तहसीलदार. टोचायला लागलं की इंग्रजी, म्हणजे प्रकरण दिल्लीला निघालं.

ही खोड वकिलीच्या पहिल्या वर्षातली. जोयड्याच्या रानातल्या कुणब्यांच्या जमिनीचे दावे ते घ्यायचे, आणि जमीन स्वतः तुडवल्याशिवाय कागदाला हात लावायचे नाहीत. पार बाजारकुणंग गावाच्या बाजूला चालत जायचे. पक्षकारानं आपल्या बोलीत गाऱ्हाणं सांगायचं, ह्यांनी तिथंच उभ्या उभ्या कानडीत उतरवायचं. बांधावर टेबल कुठलं आणणार?

अशा माणसाला लोक निवडून देणारच. आमदार होऊन बेंगळूरला गेले आणि विधानसभेतला पहिला प्रश्न लिहिला तो समोरच्या पक्षाच्या एका आमदाराच्या पाठीवर! तो बेळगावकडचा. बिचाऱ्यानं वाकूनच विचारलं, "काय लिव्हलासा, वकीलसाहेब?"

"तुमच्याविरुद्धच हाय. पण पाठ झकास हाय हं तुमची."

पुढं खासदार झाले. दिल्लीहून मला फोन: "अरे, हितं एक पंजाबी खासदार हाय. काय पाठ, काय पाठ! आख्खा फुलस्केप मावतो. तुला राग न्हाई ना?" खोटं कशाला बोलू, आला होता थोडा. परत येताना वकील मुद्दाम रानातल्या कॅसलरॉक स्टेशनावर उतरायचे. फलाटावर लोक अर्जासाठी थांबलेले असायचे, आणि गाडी दिसली की आपणहून वाकायचे.

हसा खुशाल. पण आमच्या तालुक्यात आज ज्या वाड्यांवर दिवा लागतो, ज्यांच्या हातात जमिनीचा कागद आहे, त्यांतल्या कितीतरी जणांची सुरुवात ह्या वाकड्यातिकड्या ओळींनीच झाली. एवढा हट्टी माणूस मी दुसरा बघितला नाही.

मग एका निवडणुकीत पडले. बायको आधीच गेलेली. मुलगी सुनंदा हुबळीला डॉक्टर. "अप्पा, एकटं राहायचं नाही आता, माझ्याकडं चला," म्हणून तिनं धोशा लावला. वकिलांनी अट घातली, "महिनाभरात एक बी पक्षकार आला न्हाई, तर येतो."

तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. नऊच्या ठोक्याला काळा कोट घालून ओट्यावर बसायचे. बस थांबली की मान वर. बस गेली की पेनाला टोपण. मला बघवेना. आणि खरं सांगतो, त्यांची माणसं पळवली होती मीच. आता अर्ज माझ्या दुकानात कॉम्प्युटरवर भरतात. दोन मिनिटांत काम, कुणी वाकायला नको.

शेवटी गिऱ्हाइकांना सांगायला लागलो, "हितलं काम झालं न्हवं? आता वकिलाकडं जावा. काय बी सांगा, पण जावा." लोक लगेच तयार. कुणाचा बांध सरकला, कुणाचं रेशनकार्डावर नाव चुकलं. रानातल्या वाडीवरच्या जानकी आज्जीनं तर कमालच केली. दर सोमवारी यायची आणि "म्हस रानात गेली, गावंना!" म्हणून गळा काढायची. वकील दर सोमवारी नवा अर्ज लिहायचे, रेंजरसाहेबांना. म्हशीची उलटतपासणी! "डावं शिंग वाकडं. हाय की न्हाई, तेवढं सांग." मी वाकून हसू दाबायचो.

सहा महिने असे गेले. अप्पांकडं एवढे पक्षकार येतात, हे सुनंदाला काही पटेना. एका सोमवारी ती न सांगता गाडी घेऊन आली. ओट्यावर पाच माणसं, पुढं जानकी आज्जी, आणि मी वाकलेला. सुनंदानं एकेकाचं तोंड बघितलं.

"अप्पा, खरं सांगा. हे पक्षकार आहेत?"

आता ह्या मानी माणसाची शोभा होणार, आणि ती माझ्यामुळं.

पाठीवरचं पेन थांबलं.

"न्हाईत," वकील म्हणाले. "जानकीची म्हस मरून तीन वर्सं झाली. पुरली तवा मी हजर हुतो. कुणाचा बांध बी सरकला न्हाई." मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. "ही म्हातारी दोन बस बदलून येती गं. मी एकटा बसू नये म्हणून. ह्यांना टाकून मी कुठं येऊ, तूच सांग."

आज्जीनं पदर तोंडाला लावला.

सुनंदानं गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली, चपला काढल्या आणि ओट्यावर आज्जीजवळ जाऊन बसली.

"आज्जी," ती म्हणाली, "दूध किती द्यायची हो तुमची म्हैस?"

"सकाळचं चार लिटर, बाय," आज्जी म्हणाली, आणि ह्या खेपेला खरंच रडायला लागली.