ऐनाच्या झाडाची गळती

एका जंगलात, मुलांनो, फार विद्वान राहत होते. त्यामुळे तिथला एकही प्रश्न लवकर सुटत नसे.

त्या जंगलात पाणवठ्याकाठी ऐनाचं उंच झाड होतं. ऐन पोटात पाणी साठवतो. सालीला खाच पाडली की गळतो. त्याच्या शेंड्यावर द्वारका वानरीण बसायची. बिबट्या दिसला की तिनं 'खक्! खक्!' ओरडायचं आणि खाली पाणी पिणाऱ्या चितळांनी पळ काढायचा, अशी रीत होती. द्वारकेचा आवाज इतका खणखणीत, की बिबट्या अर्ध्या वाटेतूनच माघारी फिरायचा. त्या जागेचा तिला फार अभिमान होता.

मग द्वारकेला चौथं पिल्लू झालं. पिल्लू गोड होतं. पण तेव्हापासून ती ओरडली, की वरून आवाज निघायचा आणि खालून धार.

"आभाळ तर मोकळं आहे, मग हे शिंतोडे कुठले गं?" चंद्री चितळीण खालून म्हणाली.

द्वारकेनं पानांत तोंड लपवलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं सासूला विचारलं.

"इश्श! असलं बोलतात का कुठं?" सासू म्हणाली. "बाईच्या जातीला हे चालायचंच. आम्ही काय कमी सोसलं?"

"मग तुम्ही काय केलंत, सासूबाई?"

"काय करणार? ओरडायचं सोडलं."

मग ती अस्वलवैद्यांकडे गेली. वैद्यबुवांनी तिची नाडी पाहिली, कारण दुसरं काही विचारायची त्यांनाच लाज वाटत होती. "पाणी कमी पी आणि मन रमव," ते म्हणाले. द्वारकेनं पाणी कमी केलं. घशाला कोरड पडली, गळती मात्र होती तशीच राहिली.

शेवटी ती मांडीवर मांडी घट्ट आवळून हळूच ओरडू लागली. असलं ओरडणं कुणाला ऐकू जाणार? एके दिवशी बिबट्या थेट पाणवठ्यावर आला. चंद्रीचं नशीब बलवत्तर, कानाच्या तुकड्यावर निभावलं.

द्वारकेचा आवाज बसल्याची आणि झाडाखाली शिंतोडे पडत असल्याची तक्रार वाघमहाराजांकडे गेली. महाराजांनी फर्मान काढलं, "संशोधन करा!" काम बगळेशास्त्र्यांकडे आलं. ते एका पायावर उभे राहून विचार करत, म्हणून त्यांचे विचारही एकाच बाजूचे असत.

"शास्त्रीबुवा, मलाच विचारा ना. सगळं सांगते," द्वारका म्हणाली.

"तुला कसं विचारणार?" शास्त्री दचकले. "माद्यांचं काही स्थिर नसतं. कधी ऋतू, कधी गर्भ, कधी पिल्लू अंगावर. सगळे निष्कर्ष डळमळतात!"

त्या जंगलाची पद्धतच तशी होती, मुलांनो. नवं औषध आलं की आधी नरांना द्यायचं. ते जगले की माद्यांना त्यातलंच थोडं कमी द्यायचं.

तेव्हा जंगलातले धट्टेकट्टे वानर बोलावले गेले. त्यांच्याखाली पळसाची पानं अंथरली आणि त्यांना घसा फुटेस्तोवर ओरडायला लावलं. पानं कोरडी ठणठणीत! त्यांच्यापैकी एकही कधी बाळंत झाला नव्हता, ही बाब किरकोळ म्हणून सोडून देण्यात आली.

ऐनाखाली परिषद भरली. महाराजांनी त्या दिवशी उपास धरला होता, म्हणून चितळंही निर्धास्त येऊन बसली. बिबट्याला निमंत्रण नव्हतं.

"ओरडल्यानं गळती होत नाही, हे सिद्ध झालं आहे," बगळेशास्त्री म्हणाले. "द्वारकेचा आवाज आळसानं बसला आहे. तिला टेहळणीवरून काढावं आणि तिच्या नवऱ्याला नेमावं."

नवरा गोप्या पुढच्याच रांगेत पेंगत होता. त्यानं झोपेतच मान डोलावली.

वर द्वारकेचे डोळे भरून आले. आणि त्या भरल्या डोळ्यांना पलीकडच्या गवतात पिवळं काहीतरी सरकताना दिसलं. गवताच्या कडेला चंद्रीचं पाडस एकटंच खेळत होतं. ओरडावं, तर खाली भरलेली सभा. न ओरडावं, तर पाडस गेलंच.

"जळली मेली लाज!" द्वारका म्हणाली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली.

सभा उधळली. पाडस आईमागे सुटलं. बिबट्या हात हलवीत परत गेला. बगळेशास्त्री तेवढे जागेवर उभे होते, कारण दुसरा पाय खाली घ्यायला त्यांना वेळ लागला. ते नखशिखान्त भिजले होते.

"गळती आहे!" पंख झटकत ते ओरडले. "पण वानरीची नव्हे, ऐनाची! त्याच्या पोटात पाणी असतंच!"

परत जमलेल्या सगळ्यांनी धन्य धन्य म्हटलं. ऐनाच्या खोडाला रोज हिरड्याचा लेप लावायचं ठरलं. टेहळणीवर मात्र आधी सुचवल्याप्रमाणे गोप्यालाच नेमलं.

संध्याकाळी चंद्री झाडाखाली आली. "द्वारकाताई, माझं लेकरू वाचवलंस गं," म्हणून रडली. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मलाही होतं ते. उडी मारली की."

"मला शिंकताना," मागून वैद्यांची बायको म्हणाली.

"कुणाला सांगू नका," झुडपातून वाघीणमहाराणींचा आवाज आला, "पण डरकाळी फोडताना..."

पाणवठ्यावर पाणी प्यायला आलेली भागीरथी हत्तीण हे ऐकून चकित झाली. "अगं, मग आवळत का नाही? धार जिथून सुटते, तिथलं आतून वर ओढायचं, थोडं धरायचं, सोडायचं. रोज, न चुकता. माझ्या सुईणीनं शिकवलंय. वेळ लागतो, पण गुण येतो."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" द्वारकेनं विचारलं.

"कुणी विचारलंच नाही."

त्या दिवसापासून माद्या पाणवठ्यावर रोज गप्प बसून आपलं काम करू लागल्या. तिकडे लेपही चालूच होता. गोप्या दोनदा झोपेत फांदीवरून पडला, तेव्हा द्वारकेला जागा परत मिळाली, अर्थात तात्पुरती. दिवाळीपर्यंत गळती थांबली.

ऐनाला बरं केल्याबद्दल बगळेशास्त्र्यांचा सत्कार झाला. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. "वृक्षांच्या वेदना मला कळतात," ते गहिवरून म्हणाले.

वर द्वारका हसली. पोट धरधरून, अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

शास्त्रीबुवांची शाल कोरडीच राहिली.

तात्पर्य : मुलांनो, संशोधन करताना जिला त्रास होतो तिला कधीही विचारू नये. ती सरळ सांगून टाकते, आणि मग शाल कुणाला द्यायची, हा मोठाच प्रश्न उभा राहतो.