पोळा तीनदा फुटला

उकंडारावांनी जावयाकडे आजवर कधी काही मागितले नव्हते. पोळ्याच्या सकाळी मात्र ते अमरजवळ येऊन बसले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "जावईबापू, यंदा तोरणाखालून पयली जोडी आपली निंगून राह्यली. आबाजीले चौकात नेता येत नाई. तुमी फोटो काढजा, थो आबाजीले दाखवू."

अमर लगेच हो म्हणाला. लग्नानंतरचा पहिला पोळा, त्यासाठी पांढरकवड्याहून आर्णीजवळच्या या गावी आलेला, मनगटाला कॅमेरा लटकलेला. अशा जावयाने नाही कोणत्या तोंडाने म्हणावे? मोबाइलमध्ये तेव्हा नुकतेच कॅमेरे आले होते, पण त्यात मामा कोण आणि म्हैस कोण, हे सांगावे लागे. सगळी भिस्त अमरवर होती.

आबाजी म्हणजे उकंडारावांचे वडील सदाशिवराव. नव्वदीला टेकलेले. कंबर मोडल्यापासून खाटेला खिळलेले. जन्मभर त्यांची जोडी तोरणाखालून दुसरी गेली, कारण पहिला मान धरमसिंग नाईकाच्या घरचा. यंदा धरमसिंगनेच मोठ्या मनाने सांगितले की मान पाळीपाळीने घ्या. चिठ्ठ्या टाकल्या आणि उकंडारावांचे नाव निघाले. म्हाताऱ्याचा काही केल्या विश्वास बसेना. येईल त्याला ते विचारत, "खरं सांगून राह्यला का मन ठेवून राह्यला?"

निघताना अर्पिताने नवऱ्याला बाजूला घेतले. "अहो, ह्या कॅमेऱ्याले बटण दाबल्यावर जाग येते. दादाच्या लग्नात हार घालतानाचा एक फोटो नाई आला. सगळ्यात हार घालूनच बसले हायेत."

"माणसं घाई करतेत," अमर गंभीरपणे म्हणाला. "बैल कुठं घाई करते?"

हे वाक्य त्याला पुढे फार महागात पडले.

चौकात आंब्याच्या पानांचे तोरण बांधले होते. उकंडारावांची जोडी पुढे, तिच्यामागे आपल्या जोडीचा कासरा धरून धरमसिंग, त्याच्यामागे सारा गाव. दरवर्षी झडती म्हणणाऱ्या नेमसिंगने सुरुवात केली. पोळ्याची ही यमकातली आरोळी संपली आणि 'हर हर महादेव' झाले, की तोरण तोडायचे, म्हणजे पोळा फुटला. महादेवाचे नाव निघाले, तोरण तुटले, डफडे कडाडले आणि अमरने बटण दाबले. कॅमेऱ्याने भिंग पुढे काढले, मागे घेतले, पुन्हा पुढे काढले आणि सावकाश खटका केला. पडद्यावर दोन खांब, लोंबणारी सुतळी आणि धुरळा होता.

"आला का जी?" उकंडारावांनी लांबून विचारले.

अमरने नकारार्थी मान हलवली.  जावयाला कोण बोलणार? उकंडाराव तसेच मागे वळले आणि गावाला हात जोडून म्हणाले, "थांबा, थांबा! जावईबापूचा फोटो राह्यला!"

"पोळा एकदा फुटला की फुटला," एक म्हातारा कडाडला. "फुटलेला पोळा कोनी जोडते का?"

सगळ्यांनी धरमसिंगकडे पाहिले. "पाव्हण्याचं मन मोडू नाई," धरमसिंग म्हणाला. "बांधा तोरण."

तोरण बांधले. जोडी परत आणली. या खेपेला अमर शहाणा झाला होता. झडतीची शेवटची ओळ सुरू होताच बटण दाबायचे, म्हणजे कॅमेरा जागा होईपर्यंत बैल तोरणाखाली येतील, असा त्याचा हिशोब. हिशोब चोख होता. पण आपण फोटोत येणार हे नेमसिंगला कळले होते. त्याने शेवटच्या ओळीला आणखी चार ओळी जोडल्या. खटका झाला तेव्हा तोरण जागेवर, बैल जागेवर, आणि मधोमध नेमसिंगचा उघडा जबडा. कॅमेरा पुन्हा जागा होईपर्यंत झडती संपली, तोरण तुटले आणि जोडी निघून गेली.

अमरला धरणीने पोटात घ्यावे असे वाटले. उकंडाराव मात्र शांतपणे म्हणाले, "होते जी. मशीनच थे."

पोळा दुसऱ्यांदा फुटला होता. तोरण तिसऱ्यांदा बांधले. धरमसिंगने कासरा या हातातून त्या हातात घेतला आणि पुन्हा म्हणाला, "बांधा." पण आता तो कोणाकडे पाहत नव्हता.

बैलांना मात्र कोणी विचारले नव्हते. घरी पुरणपोळी वाट पाहते आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि दोनदा जाऊन दोनदा परत येण्याचे कारण काही त्यांना पटलेले नव्हते. नेमसिंगने तोंड उघडताच दोघांनी शिंगे खाली घातली, तोरण शिंगांवर घेतले आणि उकंडारावांना ओढत घर गाठले. खटका मागाहून झाला. चौथ्यांदा तोरण बांधायला पाने उरली नव्हती.

अमर घरी आला तो मान खाली घालूनच. आबाजी उशीला टेकून वाट पाहत होते.

"माफ करा आबाजी," त्याने कॅमेरा पुढे केला. "आपली जोडी नाई आली. कडेले दोन शेपट्या आल्या. बाकी सारे धरमसिंग काकाच हायेत."

आबाजींनी चष्मा पुसला आणि कॅमेरा डोळ्यांशी नेला.  चित्रात धुरळ्यात डोळे बारीक करून, कासरा धरून, धरमसिंग उभा होता, अगदी स्वच्छ आणि ठळक.

"ह्या जाग्यावर मी जलमभर उभा राह्यलो," म्हातारा म्हणाला.  "तिथून शेपट्याच दिसतेत. अन् धुरोडा डोयात जाते. जोडीचा फोटो कोनत्याबी मैदानात निंगते, बापू. हे खरं हाय."

 अमरचे डोळे भरून आले.

इतक्यात मोठ्यांच्या पाया पडायला म्हणून धरमसिंगच दारात आला. कॅमेरा लपवायला सवड मिळाली नाही. त्याने वाकून आबाजींचे पाय धरले, मग फोटो पाहिला, पुन्हा पाहिला.

"जावईबापू," तो हरखून म्हणाला, "माहा इतका सुंदर फोटो कोनी काढला नाई! ह्या कडेच्या शेपट्या कोनाच्या?"

"माह्या," आबाजी म्हणाले.

"असू द्या. मले एक मोठा करून द्या. बैठकीत लावतो."

"देजा, बापू," आबाजी शांतपणे म्हणाले. "काच लावून देजा."