चोवीस शब्दांची सत्यप्रत

"ज्या दिवशी प्रत्येक माणूस स्वतःची बँक स्वतः होईल, त्या दिवशी मानवजातीच्या गुलामगिरीचा शेवट होईल!" अशी घोषणा निवृत्त हेडक्लार्कांनी जेवणाच्या टेबलावर उभं राहून केली. टेबलावर चढण्याचं तात्कालिक कारण उडालेला बल्ब बदलणं हे होतं. खाली टेबल धरून त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या तरी सगळे त्यांना बाईच म्हणत. बाईंनी मानवजातीला जरा थांबायला सांगितलं आणि आधी होल्डर पुसून घ्या म्हणून फडकं वर दिलं.

घोषणेला पार्श्वभूमी होती. हेडक्लार्कांनी उभ्या नोकरीत लोकांचे अर्ज 'सही जुळत नाही' एवढ्याच शेऱ्यावर परत पाठवले होते. अलीकडे बँकेने त्यांचाच अर्ज त्याच शेऱ्यावर परत केला आणि व्यवस्था किती अमानुष असते हे त्यांना प्रथमच कळलं. त्यांनी बाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली रक्कम काढली आणि क्रिप्टोत घातली. चावी आपल्याच हातात राहावी म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं वॉलेट, म्हणजे त्या पैशांचं डिजिटल पाकीट, बसवायचं ठरलं.

"आणि गुडघा?" बाईंनी विचारलं.

"भाव चढतोय. गुडघ्याने थोडा धीर धरावा."

"सांगते त्याला. जिना चढताना भेटतोच."

वॉलेट बसवण्याचं काम मात्र नियमानुसार झालं. मेहुण्याने मोबाइलवर पाठवलेली लिंक 'योग्य मार्गाने आलेली नाही' म्हणून फेटाळण्यात आली. वॉलेट बनवणाऱ्यांच्या मूळ साइटवरूनच फाइल उतरवली. फाइलची डिजिटल स्वाक्षरी ताडून पाहा, अशी सूचना आली तेव्हा हेडक्लार्कांनी खुर्ची पुढे ओढली. अक्षर न् अक्षर त्यांनी बोट ठेवून तपासलं. जुळलं. जन्मात पहिल्यांदाच कुणाची तरी सही जुळल्यामुळे त्यांचा किंचित हिरमोडही झाला.

मग पडद्यावर चोवीस इंग्रजी शब्द आले. खाली सूचना होती: हे याच क्रमाने कागदावर लिहा, कुणाला दाखवू नका, कॉम्प्युटर गेला तर हीच तुमची चावी, हरवली तर आम्हीसुद्धा काही करू शकणार नाही. हेडक्लार्कांचा चष्मा जवळचा, म्हणून बाईंनी शब्द खणखणीत आवाजात वाचले आणि त्यांनी लिहून घेतले.

इथवर सगळं ठीक होतं. पण घरात एक महत्त्वाचा कागद आहे, त्याला प्रत नाही, शिक्का नाही, या विचाराने त्यांना जेवण जाईना. शिक्का नसलेल्या कागदाला ते रद्दी म्हणत आले होते. त्यांनी स्वच्छ प्रत तयार करायला घेतली. आता कुठलीही यादी वर्णानुक्रमे असावी हा कार्यालयीन दंडक. ए-पासून सुरू होणारे शब्द वर गेले, झेडवाला तळाशी गेला. यादी देखणी झाली. कच्चा मसुदा नियमाप्रमाणे फाडून नष्ट करण्यात आला.

वरच्या मजल्यावर सरकारी पशुवैद्य राहत. सत्यप्रतीवर सही करण्याचा अधिकार त्यांना होता.

"पण मी न वाचता सही कशी करणार?" पशुवैद्य म्हणाले.

"रास्त आहे. वाचा."

पशुवैद्यांनी वाचून सही ठोकली आणि एक प्रत दफ्तरी ठेवून घेतली. एक मेहुण्याकडे गेली, एक इमारतीच्या सेक्रेटरींना 'माहितीस्तव' सादर झाली. प्रत्येकीवर लाल शाईत शेरा होता: 'अत्यंत गोपनीय. वाचून पुढे पाठवावे.'

अखेर इस्पितळाने ऑपरेशनची तारीख दिली. पैसे काढायला हेडक्लार्कांनी कॉम्प्युटर लावला. आतून जळका वास आला. दुरुस्तीवाल्याने खोकं उघडलं आणि हळहळला, "काका, हार्ड डिस्क गेली."

हेडक्लार्क हसले. मेहुण्याचा कॉम्प्युटर मागवून त्यांनी सत्यप्रतीवरून चोवीस शब्द टाइप केले. पडद्यावर उत्तर आलं: अमान्य. पुन्हा टाइप केले. पुन्हा अमान्य. ते तडक पशुवैद्यांकडे गेले.

"तुमच्या प्रतीत काही फरक आहे का हो?"

"छे! मीही अगदी तस्सेच घातले होते, अमान्यच येतं." पशुवैद्य थबकले. "म्हणजे... तपासणी म्हणून."

"भाऊजी, मलाही तेच आलं," मेहुणा फोनवर म्हणाला. सेक्रेटरींनी कॅपिटल अक्षरांतही घालून पाहिलं होतं. पैशांना हात लावायचा कुणाचाच विचार नव्हता, हे प्रत्येकाने न विचारता सांगितलं. वाचकहो, तुमच्या हाती ती यादी आली असती तर तुम्ही घडी घालून परत केली असती, याबद्दल मला शंका नाही. मी फक्त शेजाऱ्यांबद्दल बोलतोय.

हेडक्लार्क घरी येऊन टेबलाशी मटकन बसले. "तुझा गुडघा मी वर्णानुक्रमे लावला गं," एवढंच ते म्हणाले.

बाईंना सगळं समजायला वेळ लागला नाही. "अहो, माझ्या वर्गात पोरं कधी वर्णानुक्रमे बसली होती का? शब्द वाचले कुणी? मीच ना? एकदा हजेरी घेतली की कोण कुणाच्या शेजारी बसलंय, हे माझ्या डोक्यातून जात नाही. उठा, बाहेर व्हा."

"बाहेर कशाला?"

"परीक्षा चालू आहे."

दार लागलं. बाईंनी मूळ क्रमाने हजेरी घेतली आणि वॉलेट उघडलं. जुने शब्द अख्ख्या इमारतीला पाठ होते, म्हणून त्यांनी लगेच नवं वॉलेट तयार केलं, सगळी रक्कम तिकडे हलवली, त्यातून ऑपरेशनचे पैसे काढले आणि नवे शब्द कुठेतरी ठेवले. कुठे, ते हेडक्लार्कांना आजतागायत ठाऊक नाही.

गुडघा झकास झाला. काही दिवसांनी हेडक्लार्कांना नवा कॉम्प्युटर घ्यावासा वाटला. बाई त्याच टेबलाशी, पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून बसल्या होत्या.

"अर्ज?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

हेडक्लार्कांनी बाईंचाच पेन उचलला आणि उभ्याउभ्या अर्ज लिहून दिला. बाईंनी चष्मा लावला. कागद उजेडाकडे धरला, लांब नेला, जवळ आणला.

"सही जुळत नाही."

"अगं, मी तुझा नवरा आहे!"

"तसा काही पुरावा असेल तर सत्यप्रत जोडा आणि उद्या या."

हेडक्लार्क वळले. दारापर्यंत पोचतात तोच मागून हाक आली.

"अहो, तेवढा पेन ठेवून जा."