घरच्या दाढा

"मी कॉलेजमधून एक वर्ष रजा घेणार आहे," असं डॉक्टरने रविवारी सकाळी जाहीर केलं, तेव्हा मामा स्वयंपाकघरातल्या सिंकखाली उताणा पडून पाइप बसवत होता. त्याच्या हातातला पान्हा निसटला आणि गालावर आपटला. उजव्या गालावर आपटला असता तर एक वेळ चाललं असतं, पण मामाची दुखरी दाढ डावीकडे होती.

डॉक्टर अजून डॉक्टर झाला नव्हता. डेंटल कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होता. पण प्रवेश मिळाला त्या दिवसापासून घरात त्याला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

या घराचा एक नियम होता. घरचं काम घरच्याच माणसाने करायचं, बाहेरच्याचा हात लागू द्यायचा नाही. मामा प्लंबर, म्हणून नळ त्यानेच दुरुस्त करायचा. त्याला सवड मिळेपर्यंत खाली बादली ठेवावी लागली तरी बेहत्तर. आत्या शिवणकाम करायची, त्यामुळे घरातले झाडून सगळे सैल कपड्यांत वावरत. बाबांचं पंखे आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. तेव्हा नातेवाइकांचे पंखे दुकानात आणि नातेवाईक घामात, अशी कायमची विभागणी झालेली होती. घराण्यात फक्त दातांचं माणूस नव्हतं. ती उणीव भरून काढायला डॉक्टरला धाडण्यात आलं आणि त्याच दिवसापासून सगळ्यांनी बाहेरच्या दंतवैद्याची पायरी चढणं सोडलं. मामा एका बाजूने चावू लागला, आत्या औषधाचा कापूस दाढेत धरून शिवायला बसू लागली आणि आईने थंड पाणी वर्ज्य केलं. आता पोरगा पास झाला की सगळ्यांची एकदम सुटका होणार होती.

"एक वर्ष?" मामा गाल धरून सिंकखालून बाहेर आला. "अरे, मी इथे महिने मोजतोय!"

"नापास झालास का?" आईने विचारलं.

"नाही गं."

"मग कुणीतरी मुलगी आहे," आत्या म्हणाली. तिला उत्तराची गरज नसायची.

"कुणी नाही. थकलोय मी."

"थकायला काय झालं?" मामा म्हणाला. "पेशंट खुर्चीत, तू स्टुलावर. बसूनच तर काम!"

खरं कारण पोटात होतं, पण ओठांवर येत नव्हतं. तिसऱ्या वर्षी खरे पेशंट मिळू लागले होते आणि खुर्चीतल्या माणसाने आ केला की डॉक्टरचा हात थरथरायचा. साच्यातल्या दातांवर वर्गात त्याच्याइतकं सफाईदार काम कुणाचं नव्हतं. जिवंत तोंड समोर आलं की हातातला आरसा पेशंटच्या दातांवर टकटक वाजू लागे. हा हात थांबेपर्यंत त्याला स्वतःला थांबायचं होतं. आणि हात थांबलाच नाही तर पुढे काय, एवढा विचार करायलासुद्धा त्याला एक वर्ष हवं होतं.

"अर्जावर पालकांची सही लागते, मॅडमसमोर," तो बाबांना म्हणाला.

"करू," बाबा म्हणाले. बाबांच्या 'करू'चा अर्थ ज्यांचे पंखे दुकानात होते त्यांना विचारावा.

सोमवारी बाबा सहीसाठी निघाले, तर मामाची व्हॅन दारात तयार. आत आत्या आणि आई आधीच बसलेल्या.

"तुम्ही सगळे कशाला?" डॉक्टरने विचारलं.

"मॅडमना समजावायला," मामा म्हणाला. "रजा द्यायची नाही म्हणून."

विभागप्रमुख मॅडमच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. मामाने सुरुवात केली. मुलगा कसा हुशार, वर्ष कसं वाया जाईल, उमेदीचा काळ कसा परत येत नाही. बोलताना त्याचा हात गालावरून हलत नव्हता. मॅडमचं लक्ष शब्दांकडे नव्हतंच.

"दुखतंय का?"

"नाही नाही. म्हणजे दुखतंय, पण ते आमचा भाचा बघणार आहे."

"भाचा रजेवर चाललाय."

"म्हणूनच तर आलोय, मॅडम! रजा देऊ नका!"

"तोंड उघडा."

मामा आयुष्यात कुणाचं ऐकत नसे, पण या आवाजापुढे त्याचं तोंड आपोआप उघडलं. मॅडमनी बॅटरीने आत पाहिलं. मग त्यांनी शेवटच्या वर्षाची मुलं बोलावून घेतली. मुलं एकेक करून वाकून पाहत होती, भराभर टिपणं काढत होती.

"ही दाढ वाचवायची वेळ केव्हाच गेली," मॅडम म्हणाल्या. "आत पू झालाय. आजच काढायला हवी."

मामाभोवती जमलेली गर्दी आत्याला बघवेना. "त्याचं काय बघता एवढं?" ती पुढे सरसावली. "माझी बघा. त्याच्यापेक्षा जुनी आहे!" तिचीही काढायची ठरली. आईला कुणी विचारलंच नव्हतं. पण मॅडमच्या नजरेतून सुटणार कोण? आईचा एक दात तर बोटाने हलत होता, आणि तिने हे घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. तो हलणारा दात पाहून डॉक्टर खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

या धांदलीत बाबा कुठे गेले ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ते बाहेरच्या बाकावर सगळ्यांच्या पिशव्या राखत बसले होते. डॉक्टरने अर्ज पुढे केला तेव्हा म्हणाले, "आधी यांचं उरकू दे. मग निवांत वाचून करू."

दुपारी तिघंही कापसाचे बोळे दातांत घट्ट दाबून बाहेर आली. तासभर बोळा काढायचा नाही, बोलायचं नाही, अशी सूचना होती. मामाचा अर्धा चेहरा बधिर, म्हणून गाडी डॉक्टरने घेतली. बाबा पुढे बसले, बाकीचे मागे.

गाडी निघाली आणि डॉक्टरला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. मग उलगडा झाला. गाडीत कुणीच बोलत नव्हतं. जन्मापासून त्याने या माणसांना एकत्र आणि गप्प असं कधी पाहिलं नव्हतं. ही संधी पुन्हा येणार नव्हती.

"माझा हात थरथरतो," तो समोर रस्त्याकडे बघत म्हणाला. "पेशंट समोर आला की. मामा, खुर्चीत कुणीही बसलं ना, म्हातारा असो, बाई असो, मला तूच दिसतोस. तुझ्यामागे आत्या, तिच्यामागे आई. तुम्ही जेवताना गाल धरता तेव्हा माझ्या घशाखाली घास उतरत नाही. तुमची माया कळते मला. पण तुम्ही माझ्यासाठी दुखणं राखून ठेवलंय आणि मला त्याची भीती वाटते. माझ्या नावाने कुणाचं काही दुखत नाहीये, असं एक वर्ष मला हवंय."

मामाचा हात तोंडाकडे गेला.

"मामा, बोळा काढायचा नाही. रक्त सुरू होईल."

मामाने मुकाट्याने हात खाली घेतला. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. भूल उतरत होती, त्यामुळेही असेल. आईने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

बाबा घसा खाकरून म्हणाले, "हे मला आधी बोलला असतास, तर सही कधीच केली असती. घे रजा. एक वर्ष कशाला, दोन वर्षं घे. आपल्याला काय घाई आहे?"

डॉक्टरला इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"आणि माझी काळजी करू नकोस," बाबांचा आवाज भरून आला. "माझ्या मागच्या दोन दाढा आहेत ना, रात्र रात्र झोपू देत नाहीत. पण त्या थांबतील तुझ्यासाठी. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही."

पुढचा चौक आला तशी डॉक्टरने गाडी वळवली.

"अरे, घर सरळ आहे," बाबा म्हणाले.

"सही राहिलीय ना."

"मग ती उद्या करू की."

"आणि दाढाही राहिल्यात, बाबा."

बाबांनी मदतीसाठी मागे वळून मामाकडे पाहिलं, मग आत्याकडे, शेवटी आईकडे. तिघांनाही काहीतरी बोलायचं होतं, हे स्पष्ट दिसत होतं. पण बोळा काढायला डॉक्टरची मनाई होती.